मॉरिसव्हिलमध्ये फराळ कोण शोधतं?

परदेशातल्या मराठी घरांमध्ये एक पद निवडणूक न होताच भरलं जातं: वेबसाइटवाला किंवा वेबसाइटवाली. तुम्ही कोडिंग शिकलेले असा वा नसा, लॅपटॉपसमोर पुरेसा वेळ बसलेले दिसलात की ते तुमच्याकडे येतं. मंडळाची साइट, रविवारच्या मराठी शाळेची साइट, मावशीच्या दिवाळी फराळाची साइट. साइट उभी राहते, नातेवाइकांच्या ग्रुपवर अंगठे येतात आणि पंधरा दिवसांनी पहिला खरा प्रश्न येतो: "अरे, गूगलवर ती दिसत का नाही?"

मग तुम्ही रात्री अकरा वाजता 'एसईओ स्वतः करा' प्रकारातलं काहीतरी वाचायला घेता. मला त्या वाचनाबद्दल बोलायचंय. सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन हे तंत्र आहे, हे सगळेच मानतात. पण तो एक लेखनप्रकारही आहे. त्याची स्वतःची शैली आहे, लाडकी उदाहरणं आहेत, गाळलेल्या जागा आहेत. पाककृतीच्या पुस्तकाचं जसं परीक्षण करता येतं तसं याचंही करता येतं. आणि करायला हवं, कारण या लेखनावर विश्वास ठेवून लोक आपल्या दुकानाचं, मंडळाचं, पदार्थाचं नाव बदलून टाकतात.

उदाहरणासाठी एक गाव घेऊ: मॉरिसव्हिल, नॉर्थ कॅरोलायना. रॅली, डरहॅम आणि चॅपल हिल यांच्या त्रिकोणात, विमानतळाला लागून, १९५९ साली सुरू झालेल्या रिसर्च ट्रँगल पार्कच्या अगदी कडेला. २०२० च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या तीस हजारांच्या आत होती आणि त्यातले चाळीस टक्क्यांहून जास्त लोक आशियाई वंशाचे. त्यात भारतीयांचा वाटा मोठा. लेनोव्होचं अमेरिकेतलं मुख्यालय इथे. नॉर्थ कॅरोलायनाच्या हिंदू सोसायटीचं मंदिर इथे. २०२३ च्या उन्हाळ्यात मेजर लीग क्रिकेटचे सामने इथल्याच चर्च स्ट्रीट पार्कवर झाले. थोडक्यात, फराळाला गिऱ्हाईक नाही असं म्हणायची सोय नाही.

समजा, तुमची मावशी इथे राहते. चकली, चिवडा, शंकरपाळी, बेसनाचे लाडू, अनारसे. घरून करते, दिवाळीच्या आधी दोन महिने ऑर्डरी घेते. साइट तुम्ही करून दिली आहे. आता पहिली अडचण तर गावाच्या नावातच आहे. मॉरिसव्हिल नावाची गावं पेन्सिल्व्हेनियात आहेत, व्हरमाँटमध्ये आहेत, न्यूयॉर्क राज्यात आहेत, आणि न्यूयॉर्कवाल्या मॉरिसव्हिलमध्ये तर सरकारी कॉलेजही आहे. म्हणजे पानावर नुसतं 'मॉरिसव्हिल' लिहून भागत नाही. राज्याचं नाव हवं, शेजारच्या कॅरीचं नाव हवं, पिन कोड २७५६० हवा. हे कुणी शिकवायला नको. पत्र पाठवताना आपण हेच करायचो. पण साइट करताना मात्र आपण गृहीत धरतो की वाचणाऱ्याला आपण कुठे आहोत ते ठाऊक आहे.

आता मूळ ग्रंथाकडे वळू. या प्रकारातलं सगळ्यात महत्त्वाचं लेखन खुद्द गूगलचं आहे: नवशिक्यांसाठीची एसईओ मार्गदर्शिका. २००८ मध्ये ती पहिल्यांदा आली, फेब्रुवारी २०२४ मध्ये तिला बरीच कात्री लावून नवं रूप दिलं गेलं. सरळ सांगतो, ती चांगली आहे. छोट्या साइटवाल्यांना ती फारशी कुणी वाचायला देत नाही, कारण ती वाचली तर बाकीचं बरंचसं साहित्य विकायलाच उरणार नाही. तिच्यात एक भाग आहे ज्यात काय करत बसू नका ते सांगितलंय. कीवर्डचा मेटा टॅग भरत बसू नका (गूगलने तो क्रमवारीसाठी वापरत नसल्याचं २००९ मध्येच जाहीर केलं होतं). अमुक इतके शब्द असलेच पाहिजेत असा काही आकडा नाही. डोमेनच्या नावात 'बेस्ट' आणि 'स्नॅक्स' घुसवून काही विशेष हाती लागत नाही. मथळ्यांचा क्रम चुकला म्हणून आभाळ कोसळत नाही. आणि आपोआप पहिल्या क्रमांकावर नेणारं कुठलंही गुपित नाही, हेही ती सुरुवातीलाच सांगून टाकते.

इतकी नम्रता असलेलं लेखन आवडतं. पण नम्र लेखन जास्त बारकाईनं वाचावं लागतं.

त्या मार्गदर्शिकेत एक उदाहरण आहे. वाचक कुठले शब्द वापरून शोधेल याचा विचार करा, असं सांगताना गूगल म्हणतं की काही लोक 'शार्कुटरी' शोधतील, काही लोक 'चीज बोर्ड' शोधतील. म्हणजे जाणकाराचा शब्द वेगळा आणि नवख्याचा वेगळा. दोघांचा विचार ठेवा. आणि लगेच दिलासा: प्रत्येक शब्दरूप तुम्हाला सुचलं नाही तरी काळजी करू नका, आमची भाषा जुळवणारी यंत्रणा बरीच हुशार आहे.

हे उदाहरण मला फार बोलकं वाटतं. फ्रेंचमधून आलेला शब्द आणि रोजचा इंग्रजी शब्द. दोन्ही एकाच लिपीत, दोघांचं स्पेलिंग ठरलेलं, दोन्ही शब्दकोशात. आता त्याच जागी 'फराळ' ठेवून बघा. रोमन लिपीत कुणी तो एफ घालून लिहितं, कुणी पी आणि एच घालून. शेवटच्या ळ चा एल होतो, मधल्या आ साठी कधी एक ए, कधी दोन. चकलीत मधला ए कुणी लिहितं, कुणी खातं. शंकरपाळीला कुणी शंकरपाळे म्हणतं, आणि उत्तर भारतीय शेजारी तिला शक्करपारा म्हणतात. तमिळ शेजारी चकली बघून मुरुक्कू म्हणतील, तेलुगू शेजाऱ्यांकडे जंतिकलु. करंजी म्हटलं की समोरचा म्हणतो, "ओ, गुजिया!" मॉरिसव्हिलमध्ये हे सगळे शेजारी एकाच रस्त्यावर राहतात आणि त्यातले निम्मे तरी मावशीचे संभाव्य गिऱ्हाईक आहेत.

स्पेलिंगचा हा गोंधळ घरगुती नाही, चांगला संस्थात्मक आहे. बृहन्मुंबई महानगरपालिका आपलं नाव रोमनमध्ये लिहिताना 'ब्रिहन' करते. उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ, १९८१ साली स्थापन झालेलं, तेच विशेषण 'ब्रुहन' असं लिहितं. एकच संस्कृत शब्द. ऋ चा उच्चार आपण मराठीत रु करतो, म्हणून मंडळाचं स्पेलिंग जास्त मराठी म्हणायला हवं. पण दोन्ही अधिकृत आहेत, दोन्ही छापील आहेत. गंमत म्हणजे लघुरूप घेतलं, बीएमएम, तर ते मुंबई विद्यापीठाच्या मास मीडियाच्या पदवीच्या जुन्या नावाशी धडकतं. मायबोली हे संकेतस्थळ १९९६ पासून अमेरिकेतून चालतं आणि त्याच्या पत्त्यात 'माय' मधले दोन ए लिहावे लागतात. ज्यांनी ते नाव ठेवलं त्यांनी उच्चाराशी प्रामाणिक राहायचं ठरवलं. शोधणाऱ्यानं किती ए टाइप करायचे ते शोधणाऱ्यानं बघावं.

तर गूगलचा दिलासा इंग्रजीपुरता ठीक आहे. मराठी पदार्थाचं नाव रोमनमध्ये लिहिण्याला प्रमाण रूपच नाही, तेव्हा हा भार सगळा यंत्रावर टाकू नका. याचा अर्थ सगळी दहा स्पेलिंगं पानाच्या तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत ओतायची असाही नाही. ती जुनी चलाखी आहे आणि गूगलच्या नियमांत ती थेट स्पॅम ठरते. सोपी गोष्ट करा. चकलीच्या खाली एक वाक्य लिहा, जे मावशी फोनवर बोललीच असती: "ही आमची भाजणीची चकली. तुमच्याकडे मुरुक्कू म्हणत असतील, पण तो तांदळाचा. यात डाळी भाजून घातलेल्या असतात." या वाक्यात दोन्ही शब्द आले, फरकही आला, आणि वाचणाऱ्याला काहीतरी कळलं. शंकरपाळीखाली शक्करपाऱ्याचा उल्लेख असाच सहज येऊ शकतो. शब्द पेरणं आणि माहिती देणं यातला फरक बघायचा असेल तर ते वाक्य मोठ्यानं वाचून बघा. मावशीच्या तोंडी शोभत नसेल तर काढून टाका.

देवनागरीतही सगळं सरळ नाही, आणि हे प्रकरण कुठल्याच इंग्रजी मार्गदर्शिकेत नसतं. मॉरिसव्हिलच्या दक्षिणेला ॲपेक्स नावाचं गाव आहे. त्याचं पहिलं अक्षर देवनागरीत तीन तऱ्हांनी टाइप होतं: एक ॲ हे स्वतंत्र चिन्ह, एक अ वर चंद्र देऊन, आणि एक जुन्या सवयीचं ऍ. यातलं पहिलं चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली आलं, म्हणून आधीच्या मजकुरात बाकीची दोन दिसतात. किंवा 'खाऱ्या शंकरपाळ्या' घ्या. त्यातला तो नाजूक अर्धा र दोन वेगवेगळ्या पद्धतींनी साठवला जातो. कीबोर्ड बदलला की पद्धत बदलते. डोळ्याला शब्द एकच दिसतो, संगणकाच्या लेखी ते दोन शब्द. तुमच्याच साइटवर एका पानावर एक रूप आणि दुसऱ्या पानावर दुसरं असेल, तर ब्राउझरमध्ये शोधून बघा. एक सापडेल आणि दुसरं निसटेल, असंही होऊ शकतं. एकच कीबोर्ड वापरा, एवढंच.

याच्याही मागे एक मोठा इतिहास आहे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण मराठी छपाई पुढे बरीच वर्षं श्रीलिपीसारख्या संचांवर चालली, जिथे पडद्यावर क दिसत असला तरी आत एखादं रोमन अक्षर किंवा चिन्ह साठवलेलं असायचं. मराठी वृत्तपत्रांची सुरुवातीची संकेतस्थळंही स्वतःचे फॉन्ट घेऊन आली. तो मजकूर माणसांनी वाचला. शोधयंत्राच्या दृष्टीनं मात्र तो मराठी नव्हताच. म्हणजे मराठी वेबचा एक अख्खा कालखंड असा आहे जो लिहिला गेला आणि सापडत नाही. आपल्या मंडळांच्या जुन्या दिवाळी अंकांच्या पीडीएफ उघडून त्यातला परिच्छेद कॉपी करून बघा. बऱ्याचदा चिन्हांचा चिवडा हाती येतो.

आणि आता, फॉन्टचा प्रश्न सुटल्यावर, आपण तीच चूक नव्यानं करतोय: फ्लायर. गणपतीचा कार्यक्रम, फराळाची यादी, शाळेची नावनोंदणी, सगळं एका देखण्या चित्रात. तोरण, पणत्या, सोनेरी अक्षरं, आणि तारीख-वेळ-पत्ता-दर सगळं त्या चित्राच्या आत. व्हॉट्सॲपवर ते छान फिरतं. साइटवर तेच चित्र टाकलं की पानावर वाचण्यासारखा मजकूर उरतच नाही. स्वतः करायच्या एसईओत सगळ्यात जास्त फळ देणारं एकच काम सांगायचं झालं तर मी हे सांगेन: चित्रातला मजकूर चित्राबाहेर, साध्या अक्षरांत, पुन्हा लिहा. अर्धा तास लागतो. चित्रही राहू द्या. त्याला दोन ओळींचं पर्यायी वर्णन द्या, ते आंधळ्या वाचकालाही उपयोगी पडतं.

आता माझी खरी तक्रार. बहुभाषिक साइटींसाठी गूगलच्या कागदपत्रांत सल्ला आहे की प्रत्येक पानाची भाषा स्पष्ट असावी. मजकूर आणि मेनू एकाच भाषेत ठेवा, दोन भाषांतरं शेजारी शेजारी टाकू नका. पानाची भाषा गूगल दिसणाऱ्या मजकुरावरूनच ओळखतं. कोडमध्ये लिहिलेली भाषेची खूण त्यासाठी बघत नाही. तांत्रिक दृष्ट्या हे समजण्यासारखं आहे. पण या सल्ल्यात एक वाचक गृहीत धरलाय, ज्याला एका वेळी एकच भाषा असते. तुम्ही असे आहात का? तुम्ही मावशीला मेसेज कसा करता? "मावशी दोन पाऊंड चिवडा प्लीज, शेंगदाणे नको, रूममेटला ॲलर्जी आहे," आणि हे सगळं रोमनमध्ये. ही आपली बोली आहे. तिच्यात मराठी आहे, इंग्रजी आहे, आणि लिपी तिसऱ्याच कारणानं निवडलेली आहे.

एसईओचे सल्ले या बोलीला डाग समजतात. पान 'स्वच्छ' करा म्हणतात, आणि स्वच्छ करताना पहिला बळी मराठीचा जातो, कारण तिची 'शोधसंख्या' कमी. फराळाचं 'दिवाळी स्नॅक बॉक्स' होतं, चकलीचं 'स्पाइरल क्रिस्प', अनारशाचं काय करायचं ते कुणालाच सुचत नाही म्हणून ते यादीतून जातात. याचा परिणाम बघा. कॅरीत बसून कुणी देवनागरीत 'फराळ' टाइप केलं, तर त्या शब्दासोबत मॉरिसव्हिलचं नाव असलेलं पान मुळात अस्तित्वात तर हवं ना? ते नसेल तर शोधयंत्र पुण्या-मुंबईचं जे आहे ते दाखवणार. ती त्याची चूक म्हणता येणार नाही. मराठीत कुणी शोधत नाही म्हणून लिहायचं नाही, आणि लिहिलेलं नाही म्हणून शोधून उपयोग नाही. हे चक्र गूगलनं सुरू केलं नाही. पण स्वतः-करा मार्गदर्शिका ते फिरवत ठेवतात, कारण त्या आकड्यांना मागणी समजतात.

त्या आकड्यांचंही ऐकून घ्या. जाहिरातदारांसाठीचं गूगलचं कीवर्डचं साधन, तुम्ही जाहिरातींवर पैसे खर्च करत नसाल तर, आकडा न देता ढोबळ टप्पा देतं: दहा ते शंभर, शंभर ते हजार. छोट्या गावातल्या छोट्या शब्दासाठी तो टप्पा म्हणजे ज्योतिषच. आपल्या साइटवर लोक कुठल्या शब्दांनी आले हे सर्च कन्सोल फुकट दाखवतो, तो जरूर जोडा. पण अगदी मोजक्या लोकांनी वापरलेले शब्द तो खाजगीपणापोटी दाखवत नाही. मोठ्या साइटला याचा फरक पडत नाही. मावशीच्या साइटवर मात्र येणारा जवळपास प्रत्येक शब्द मोजक्याच लोकांचा असतो. म्हणजे ज्याला माहितीची सगळ्यात जास्त गरज, त्याच्यापुढे ताट सगळ्यात रिकामं. त्यापेक्षा मावशीच्या फोनमधले मागच्या वर्षीचे मेसेज चाळा. लोक कुठल्या शब्दांत विचारतात ते तिथे आहे, स्पेलिंगसकट.

तर भाषेबद्दल माझं मत असं. मुख्य पान इंग्रजीत ठेवा, पण पदार्थांची नावं मराठीच, रोमन आणि देवनागरी दोन्हीत. हे भाषांतर नव्हे, हे नाव आहे. नावाला भाषेचा नियम लागत नाही. आणि त्याशिवाय एक पान पूर्ण मराठीत, वेगळ्या पत्त्यावर, दोन्ही पानं एकमेकांना जोडलेली. गूगलच्या सल्ल्याशी याचा झगडा नाही, आणि तुमच्या बोलीचाही अपमान नाही. लिपी हिंदीचीही तीच असल्यानं दोन-चार सुट्या शब्दांचं पान कुठल्या भाषेचं हे ओळखायला आधार कमी पडतो; पूर्ण वाक्यं लिहा. ळ आहेच मदतीला.

आता नकाशातल्या निकालांकडे, कारण गिऱ्हाइकाला पहिल्यांदा तेच दिसतात. स्थानिक क्रमवारी तीन गोष्टींवर ठरते असं गूगल स्वतः सांगतं: तुमचा धंदा शोधाशी किती जुळतो, शोधणाऱ्यापासून किती लांब आहे, आणि किती प्रसिद्ध आहे. नीट बघा. तिघांपैकी फक्त पहिली तुमच्या लेखणीच्या आवाक्यात आहे. ॲपेक्समधल्या माणसाला मॉरिसव्हिल लांब पडतं, त्यावर कुठलाही मेटा टॅग चालत नाही. प्रसिद्धी म्हणजे लोकांनी घेतलेली दखल, दुवे, परीक्षणं. ती वर्षांनी येते. स्वतः-करा साहित्य हे सत्य सांगत नाही असं नाही, पण ते एका ओळीत सांगतं आणि पुढची चाळीस पानं पहिल्या गोष्टीवर खर्च करतं. कारण तिथेच काहीतरी 'करता' येतं.

त्या पोकळीत मग वाईट सल्ले उगवतात. प्रत्येक गावासाठी एक पान करा: कॅरीतला फराळ, ॲपेक्समधला फराळ, डरहॅममधला फराळ, मजकूर तोच, गावाचं नाव बदललेलं. हा सल्ला सर्रास दिला जातो. गूगलच्या स्पॅम धोरणात अशा पानांना स्वतंत्र नाव आहे, दारापुरती पानं, आणि ती मना आहेत. प्रोफाइलवर धंद्याच्या नावात 'मॉरिसव्हिल बेस्ट इंडियन स्वीट्स' जोडा, हाही तसलाच. पाटीवर जे नाव असेल तेच लिहायचं असा नियम आहे. गिऱ्हाईक घरी येत नसेल तर पत्ता लपवून फक्त कुठकुठे पोचवता ते द्या. हे मावशीच्या सुरक्षिततेसाठीही बरं.

परीक्षणांबद्दल जरा खडसावून सांगतो, कारण आपल्याकडे नातेवाईक भरपूर. परीक्षण मागणं योग्य आहे. परीक्षणाच्या बदल्यात डब्यावर सूट देणं गूगलच्या धोरणात बसत नाही. आणि खोट्या परीक्षणांविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा नियम ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे. धंदा चालवणाऱ्यानं अगदी जवळच्या नातेवाइकांकडून, नातं न सांगता, परीक्षणं लिहून घेणं हेही त्याच्या कक्षेत येऊ शकतं. तेव्हा ठाण्याहून काकांना पाच तारे द्यायला सांगू नका. काकांनी तो चिवडा खाल्लेलाच नाही.

मग पानावर लिहायचं काय? गिऱ्हाईक जे विचारतं ते. नॉर्थ कॅरोलायनात घरच्या स्वयंपाकघरात विक्रीसाठी पदार्थ करायचे तर राज्याच्या कृषी खात्याकडून घराची तपासणी होते, आणि घरात पाळीव प्राणी असेल तर मंजुरी मिळत नाही. तपासणी झाली असेल तर ते ठळक लिहा. चिवड्यात शेंगदाणे आहेत का, भाजणीत गहू आहे का, लाडू तुपातले की कसे, पाऊंडाला किती चकल्या बसतात, किती दिवस टिकतं, कुठे आणि कधी घ्यायचं. 'दिवाळीचा सांस्कृतिक इतिहास' असा दोन हजार शब्दांचा निबंध लिहू नका, यंत्राकडून तर मुळीच लिहून घेऊ नका. क्रमवारीसाठी घाऊक मजकूर पाडण्याविरुद्ध गूगलनं मार्च २०२४ मध्ये धोरण कडक केलं. शिवाय मे २०२४ पासून अमेरिकेत निकालांच्या वर यंत्रानं रचलेली उत्तरं दिसायला लागली. दिवाळी म्हणजे काय, हे सांगायला तिथे आधीच कुणीतरी बसलंय. मॉरिसव्हिलमध्ये शनिवारी चकली मिळेल का, हे फक्त तुमच्या पानाला माहीत आहे.

एक गोष्ट राहिली: ही मार्गदर्शिका लिहितं कोण? १९९८ मध्ये ब्रिन आणि पेज यांनी विद्यार्थी असताना आपल्या शोधयंत्रावर निबंध लिहिला. जाहिरातींवर चालणारं शोधयंत्र वाचकाकडे पाठ करून जाहिरातदाराकडे झुकेल, असं त्यांनी त्याच्याच परिशिष्टात मांडलं होतं. पुढे त्यांची कंपनी जाहिरातींवरच मोठी झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलनं शोधाच्या बाजारातली मक्तेदारी बेकायदा मार्गांनी टिकवली असा निकाल दिला. त्याच खटल्यात, २०२३ मध्ये, गूगलचे अधिकारी पांडू नायक यांच्या साक्षीतून लोकांच्या क्लिकांवर आधारलेली नॅवबूस्ट नावाची यंत्रणा किती महत्त्वाची आहे ते बाहेर आलं. नवशिक्यांच्या मार्गदर्शिकेत या क्लिकांवर प्रकरण नाही. ज्याच्याकडे आधीच गर्दी आहे त्याच्याकडे आणखी गर्दी वळते, ही छोट्या साइटवाल्याला सगळ्यात आधी सांगायची बाब, ती न्यायालयात कळते. ज्याच्या हाती ससा तो पारधी, हे ठीक. पण पारध कशी करावी याचं पुस्तकही त्यानंच लिहिलेलं असेल, तर कुठलं प्रकरण गाळलंय ते बघायला हवं. प्रोफाइलसोबत गूगल देत असलेल्या फुकट छोट्या साइटी मार्च २०२४ मध्ये बंद झाल्या, तेव्हा त्यावर विसंबलेल्यांना नवं घर शोधावं लागलं. डोमेन स्वतःचं घ्या. 'पहिल्या पानाची हमी' देणाऱ्या ईमेलींना उत्तरही देऊ नका. अशी हमी कुणी देऊ शकत नाही हे गूगलनंच लिहून ठेवलंय, आणि या बाबतीत माझा त्याच्यावर विश्वास आहे.

आणि कॅलेंडर. बदलाचा परिणाम दिसायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. लक्ष्मीपूजन २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला होतं, २०२५ मध्ये २०-२१ ऑक्टोबरला. म्हणजे 'मागच्या वर्षी याच महिन्यात' अशी तुलना करणारे सगळे आलेख आपल्या सणांना चुकीचे पडतात. तिथी बघून मागे मोजा आणि पान श्रावणातच चढवा. पत्त्यात वर्ष घालू नका, 'दिवाळी-फराळ' एवढंच ठेवा, म्हणजे दरवर्षी नव्यानं सुरुवात होणार नाही. ऑर्डरी बंद झाल्या की पान काढून टाकू नका; यंदाचं संपलं, पुढच्या ऑर्डरी अमुक महिन्यात, असं लिहा. आणि मावशीला एकदा विचारून घ्या की यंदा अनारसे करणार आहे की नाही, कारण मागच्या वर्षीच्या यादीत ते अजून तसेच आहेत.